कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, जन्म : इंदूर, १९११, मृत्यू : २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञानशाखेत पीएच.डी. ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना त्याआधी, १९३१ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती; मात्र ती डी.एस्‌सी. होती.) वनस्पतींच्या ऊतींमधील सायटोक्रोम सी या घटकाचा शोध, कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास आणि नीरा या ताडवर्गीय झाडांच्या न आंबलेल्या रसाच्या पोषणमूल्यांवरील संशोधन ही त्यांची प्रमुख कामे होत. नीरेवरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मराठी लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

कुटुंब आणि शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या पदवीधरांमध्ये या दोघा भावांची गणना होते. घरात रसायनशास्त्र हा रोजच्या बोलण्याचा विषय होता आणि मुलींनी शिकावे की नाही हा प्रश्न या घराला पडला नव्हता. दोन्ही बहिणींनी पुढे वेगवेगळ्या वाटा धरल्या. दुर्गाबाई साहित्य, लोककथा आणि समाजशास्त्राकडे वळल्या; १९७५ मध्ये कराड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. कमलाबाईंनी वडिलांचा आणि काकांचा विषय घेतला.

मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्या १९३३ मध्ये बी.एस्‌सी. झाल्या. विद्यापीठात त्यांचा पहिला क्रमांक आला होता. साहजिकच त्यांनी पुढील संशोधनासाठी वडील आणि काका जेथे शिकले त्या संस्थेकडे अर्ज केला.

बंगळुरू येथील परीक्षाकाळ

त्याच वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी संस्थेच्या संचालकपदाची सूत्रे हाती घेतली होती. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीन वर्षेही झाली नव्हती. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला, आणि नकाराचे कारण गुण किंवा पात्रता हे नव्हते. अर्जदार स्त्री होती एवढेच होते. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नकाराचे कारण सांगा, नाहीतर प्रवेश द्या, अशी त्यांची भूमिका होती. गांधीजींच्या चळवळीचा तो काळ असल्याने या प्रसंगाचे वर्णन पुढे सत्याग्रह असेच केले गेले.

रामन यांनी अखेर प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. संचालकांचे समाधान झाल्याखेरीज त्यांच्या कामाला मान्यता मिळणार नव्हती. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये अशीही एक अट होती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. हा अपमान होता असे त्यांनी आयुष्यभर मानले आणि उतारवयातही तो स्पष्ट शब्दांत सांगितला. रामन यांच्या थोरवीमुळे त्यांनी या गोष्टीवर पांघरूण घातले नाही, ही बाब नोंदवण्याजोगी आहे.

संस्थेत त्यांना एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. सूक्ष्मजीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांच्या सीमेवर काम करणारे हे शिक्षक कडक शिस्तीचे होते, पण शिष्याच्या वाचनाविषयी आणि हाताच्या अचूकपणाविषयी मनापासून आस्था बाळगणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. भारतातील बहुसंख्य लोकांच्या ताटात प्रथिने येतात ती याच पदार्थांतून, त्यामुळे हा विषय त्यांना पुढे जन्मभर पुरला. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. त्यांनी कमलाबाईंना नियमित प्रवेश दिला आणि त्यानंतर संस्थेत इतर स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्‌सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

केंब्रिज

१९३७ मध्ये कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात दाखल झाल्या. तेथे त्या न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी होत्या. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या कामाबद्दल त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिश्टर यांच्यासोबत आणि रिश्टर अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्यासोबत काम केले. हिल यांचे नाव प्रकाशसंश्लेषणातील हिल अभिक्रियेमुळे आज प्रत्येक वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे.

हिल यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतीच्या ऊतीत सायटोक्रोम सी आढळले. पेशी प्राणवायू वापरून अन्नातील ऊर्जा मोकळी करते, त्या साखळीत इलेक्ट्रॉन पुढे सरकवण्याचे काम हे रंगद्रव्ययुक्त प्रथिन करते. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमांचे वर्णपटातील पट्टे दाखवून दिले होते आणि त्यासाठी त्यांनी वापरलेल्या नमुन्यांत यीस्टही होते. यीस्टला प्राणवायू मिळाला की ते याच साखळीने श्वसन करते. तो मिळाला नाही तर साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करून आपले भागवते. या दुसऱ्या मार्गालाच किण्वन म्हणतात. श्वसनाच्या साखळीतील एका घटकावर प्रबंध लिहिणाऱ्या संशोधिकेने पुढे मुंबईत किण्वन होऊ न देणे हीच ज्याची ओळख आहे अशा पेयावर काम केले, त्या कामाची पूर्वतयारी अशी केंब्रिजला झाली होती.

प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत तो सादर झाला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवीचे नाव देत असे, पण पदवीबरोबर येणारे विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व देत नसे. ते स्त्रियांना १९४८ मध्ये मिळाले.

दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई

१९३९ मध्येच त्या भारतात परतल्या. नवी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्राध्यापक व प्रमुख म्हणून त्यांनी काम केले. त्यानंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक होत्या आणि तेथे त्यांचा अभ्यास जीवनसत्त्वांवर होता. १९४७ मध्ये त्यांचा विवाह विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उघडला होता. १९४९ मध्ये त्या तेथे प्राध्यापक झाल्या. येथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय आहारातील स्वस्त पदार्थ एकेक करून तपासायला घेतले. वाल आणि डबल बी यांच्यासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एंझाइमला अडवणारे घटक असतात. हे घटक स्फटिकरूपात वेगळे केल्याचे त्यांच्या गटाचे काम १९५५ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कडधान्ये भिजवून, मोड आणून आणि नीट शिजवून खाण्याची कोकणातील रीत का शहाणपणाची आहे, याचे एक कारण अशा कामातून कळते. धान आटा या पिठाच्या पोषणमूल्यावरही त्यांच्या विभागात संशोधन झाले.

नीरा, ताडी आणि ठाणे जिल्हा

कमलाबाईंच्या नीरेवरील कामाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती थोडी तपशिलाने पाहावी लागते.

तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः डहाणू, पालघर आणि वसई या भागांत, ताड, शिंदी आणि माड ही झाडे विपुल आहेत. (यांपैकी बहुतेक भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) ताड आणि माड यांचा फुलोरा छेदून, तर शिंदीचे खोड शेंड्याखाली छेदून रस काढतात. छेदाखाली मडके बांधायचे, संध्याकाळी झाडावर चढून नवा छेद द्यायचा आणि पहाटे मडके उतरवायचे, असा हा रोजचा कष्टाचा आणि जोखमीचा व्यवसाय आहे. भंडारी समाजाचा तो परंपरागत धंदा होता. इंग्रजी अमदानीत छेद देण्याच्या प्रत्येक झाडावर कर बसला आणि १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा व्यवसाय सरकारी नियंत्रणाखाली आणला. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीच बेकायदेशीर ठरवली.

आंबलेली ती ताडी आणि न आंबलेली ती नीरा, असा फरक करून कायद्याने एक वाट मोकळी ठेवली होती. किण्वन होऊ नये अशी प्रक्रिया केलेल्या भांड्यात उतरवलेला न आंबलेला रस परवान्याने काढता व विकता येत असे. याच रसापासून ताडगूळ करण्याचा कार्यक्रम त्याआधीच, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हाती घेतला होता आणि त्या कामात गजानन नाईक अग्रभागी होते. डहाणूतील खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या प्रशिक्षण केंद्राला आज त्यांचेच नाव आहे.

कागदावर सरळ वाटणारा हा फरक झाडाखाली मात्र फार नाजूक असतो. ताजा रस जवळजवळ उदासीन, म्हणजे सातच्या आसपास पीएच मूल्याचा असतो आणि त्यात दहा टक्क्यांहून अधिक साखर असते. ती मुख्यतः उसाच्या साखरेसारखी सुक्रोजच असते. असा गोड, कोमट, उघडा रस म्हणजे सूक्ष्मजीवांना जेवणाचे आमंत्रणच. हवेतून, कीटकांच्या पायांवरून, झाडाच्या सालीवरून आणि आदल्या दिवशीच्या न धुतलेल्या मडक्यातून यीस्ट व जीवाणू त्यात उतरतात. रात्रभर साध्या मडक्यात साठलेला रस सकाळी खाली येतो तेव्हाच आंबू लागलेला असतो. दिवस कलेपर्यंत त्यात चारपाच टक्के मद्यार्क तयार होऊ शकतो, आणि आणखी ठेवला तर मद्यार्काचेही आम्ल होऊन शिर्का बनतो. एकच रस, एकच झाड आणि एकच माणूस. पण पहाटे जे मुलाचे अन्न होते ते दुपारी गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकत असे.

म्हणून रस कुठवर आंबला आहे हे ओळखणे ही या व्यवसायातली कळीची गोष्ट आहे. अनुभवी माणूस ते डोळ्यांनी आणि नाकाने ओळखतो. चांगली नीरा पारदर्शक, पातळ आणि निर्मळ गोड असते. आंबू लागली की ती दुधाळ होते, कडेला फेस धरते, वास बदलतो आणि गोडीमागून आंबटपणा जाणवतो. परंतु फेसावर विसंबणे धोक्याचे असते. विरघळलेला वायू नुसत्या हलवण्यानेही बाहेर पडतो, आणि फेस नसला म्हणून क्रिया सुरू नाही असेही नाही.

मापनाचे नेहमीचे साधन म्हणजे हायड्रोमीटर, द्रवात तरंगणारी खुणा केलेली काचेची नळी. साखरेचे पाणी साध्या पाण्याहून जड असल्याने त्यात ही नळी उंच तरंगते. यीस्ट साखर संपवते, वायू उडून जातो, मागे राहणारा मद्यार्क पाण्याहून हलका असतो. त्यामुळे किण्वन जसजसे पुढे जाते तसतसे विशिष्ट गुरुत्व उतरते आणि नळी खाली बसत जाते. बियर करणारे हीच रीत वापरतात. मोड आणून वाळवलेल्या सातूच्या गोड काढ्याचे विशिष्ट गुरुत्व सुरुवातीला १.०४० ते १.०५० च्या आसपास असते आणि यीस्टचे काम संपल्यावर ते साधारण १.०१० वर येऊन थांबते. एकाच वाचनाने फारसे कळत नाही. एकदोन दिवसांच्या अंतराने घेतलेली वाचने सारखीच आली, तर किण्वन थांबले असे मानतात. नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते. बुडबुडे थांबले म्हणजे काम झाले असे समजून तो बाटल्या भरतो, उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते आणि वायूच्या दाबाने बाटली फुटते. नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात, म्हणून नमुना आधी हलवून वायू काढून टाकावा लागतो. आणि खुणा ठरावीक तापमानासाठी असतात, म्हणून ऊन रसाचे वाचन दुरुस्त करून घ्यावे लागते.

नीरेत मात्र हे साधन उशिरा बोलते. रस बिघडण्याच्या पहिल्या टप्प्यात जीवाणू साखरेपासून दुग्धाम्ल तयार करतात आणि त्याने विशिष्ट गुरुत्वात फारसा फरक पडत नाही. आम्लता मात्र झपाट्याने वाढते आणि पीएच मूल्य सातवरून चारकडे घसरते. यामुळे नीरेच्या बाबतीत पहिली खरी खूण आम्लतेची. मडक्याला आतून चुना लावण्याची पद्धत याच कारणाने चालते. चुन्यामुळे रस अल्कधर्मी राहतो आणि यीस्ट व जीवाणू यांची वाढ रोखली जाते. चुना लावलेल्या मडक्यातील रसाने तांबडा लिटमस कागद निळा झाला तर चुना पुरेसा आहे. निळा कागद तांबडा होऊ लागला तर रस हातचा गेला. चुना जास्त झाला तर चव बिघडते आणि ताडगूळ करण्याआधी तो काढावा लागतो, तेव्हा मापात राहणे भाग असते. रस उतरवल्यावर तो गाळून थंड ठेवणे आणि सूर्य वर येण्याआधी विक्रीच्या ठिकाणी पोहोचवणे हा पुढचा भाग. मुंबईत रेल्वे स्थानकांजवळच्या केंद्रांवर सकाळी नीरा विकली जात असे ती यामुळेच. दुपारपर्यंत ती टिकवणे कठीण होते.

नीरेवरील संशोधन

दारूबंदीने ज्यांचे उत्पन्न बुडाले त्यांना नीरा आणि ताडगूळ यांचा आधार मिळावा हा सरकारचा आणि ग्रामोद्योगी कार्यकर्त्यांचा हेतू होता. पण नीरा हे केवळ दारूला दिलेले सोज्वळ नाव आहे की तिला अन्न म्हणून स्वतःची किंमत आहे, हा प्रश्न शास्त्रीय कसोटीवर सुटायला हवा होता. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हा विषय हाती घेतला.

त्यांच्या संशोधनात नीरेमध्ये अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व आणि लोह यांचे लक्षणीय प्रमाण आढळले. नीरा आटवून ताडगूळ आणि काकवी केल्यावरही हे घटक टिकून राहतात, हा त्यातील व्यावहारिक दृष्टीने सर्वांत उपयुक्त निष्कर्ष होता. नीरेचे आयुष्य काही तासांचे, पण ताडगुळाचे अनेक महिन्यांचे. जे पोषण मडक्यात टिकवता येत नाही ते ढेपेत टिकवता येते, असा त्याचा अर्थ. आटवण्याचे काम रस आंबण्याआधीच सुरू करावे लागते, कारण एकदा सुक्रोज फुटले आणि आम्लता वाढली की गूळ नीट बसत नाही. त्यामुळे वर सांगितलेली परीक्षा येथेही चुकत नाही.

पुढच्या टप्प्यात कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून पाहण्यात आला आणि त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसली. झाडावरून फुकट मिळणारा, विकत आणावा न लागणारा आणि गावातल्याच हातांनी काढलेला हा स्वस्त पूरक आहार होता. या कामाबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

नीरेचा प्रसार पुढे अपेक्षेइतका झाला नाही. त्याचा दोष संशोधनाकडे जात नाही. उतरवणे, गाळणे, थंड करणे, पोहोचवणे आणि तपासणे ही साखळी एका जागी तुटली तरी मडक्यात ताडीच उरते, आणि अशी साखळी दररोज, गावोगाव चालू ठेवणे खर्चाचे असते.

संचालकपद आणि आरे दूध प्रकल्प

कमलाबाई पुढे विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. पात्रता असूनही हे पद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. संस्थेच्या अंतर्गत राजकारणाने त्यांना त्यापासून दूर ठेवले होते. केंब्रिजमध्ये हॉपकिन्स आणि हिल यांच्याकडून मिळालेली वागणूक आणि मायदेशी वाट्याला आलेली ही दिरंगाई यांतील फरक त्यांना जाणवला नसेल असे नाही.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला त्यांनी दुधाचा दर्जा सुधारण्याबाबत सल्ला दिला आणि दूध नासू नये यासाठी कार्यपद्धती आखून दिली. दूध नासणे आणि नीरा आंबणे यांचे प्रारंभीचे रसायन एकच आहे. दोन्हीकडे दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू पहिला घाव घालतात आणि दोन्हीकडे स्वच्छ भांडे व थंडावा हीच राखण असते.

ग्राहक चळवळ आणि लेखन

१९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य होत्या आणि १९८२-८३ या काळात अध्यक्षा होत्या. ग्राहकांच्या सुरक्षिततेवर त्यांनी संस्थेच्या कीमत या नियतकालिकात पंचवीसहून अधिक लेख लिहिले. प्रयोगशाळेत जे कळते ते गृहिणीला आपल्या ओट्यापाशी तपासता आले पाहिजे, हा या लेखनाचा रोख होता. मराठीत त्यांचे आहार-गाथा हे पुस्तक आहे. धाकटी बहीण आहारशास्त्रावर लिहीत असताना थोरलीने पाककृतींवर खमंग हे पुस्तक लिहिले, ही भागवत भगिनींची एक गंमतीची नोंद.

मृत्यू आणि स्मरण

दीर्घकाळ कमलाबाईंच्या कामाची देशाला फारशी जाणीव नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना त्यांच्या कार्याची माहिती मिळाल्यावर त्यांनी कमलाबाईंचा सत्कार नवी दिल्लीत घडवून आणला. त्या वेळी कमलाबाई ऐंशी वर्षांच्या पुढे होत्या. या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले.

भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लीलावतीज डॉटर्स या स्त्री वैज्ञानिकांच्या चरित्रसंग्रहात त्यांचा समावेश आहे. १८ जून २०२३ रोजी गूगलने त्यांच्या ११२ व्या जन्मदिनानिमित्त डूडल प्रसिद्ध केले.